धबधब्याला निघालेली घरगाडी

पत्र्याच्या शेडमध्ये काम केलं की लोखंडाचा चुरा अंगावरून घरी येतोच. शर्ट कितीही झटका, खिशाच्या कोपऱ्यात थोडा उरतो. आमच्या शेडमधल्या गोष्टींचंही तसंच. दुसऱ्याच कामासाठी खिशात हात घालावा आणि एखादी बोटाला लागावी!

आमचं शेड शिरोली एमआयडीसीत. टेम्पो, बस यांच्या बॉड्या बांधतो. मालक अण्णा. त्यांच्या बायको अक्का, माहेर निपाणीचं. वायरिंग करणारे आणि वेळ पडली तर गाडी चालवणारे सलीमभाई. आणि मी. नववीत शाळा सोडली, पण मापं वहीत लिहून ठेवतो, म्हणून अण्णा मला ‘मास्तर’ म्हणतात. मला फारसं बोलता येत नाही. त्यामुळे ऐकायला पुष्कळ मिळतं.

*

यंदा पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं टेम्पो पाठवला. त्यात पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं बसवायचं होतं. कागदावर कॅरॅव्हॅन, आमच्या तोंडी घरगाडी. ‘डिलिव्हरीआधी एक दिवस लांब फिरवून बघा,’ असं गिऱ्हाइकानंच सांगितलं.

हे अक्कांच्या कानावर गेलं. डबा घेऊन आल्या त्या सरळ अण्णांपुढं उभ्या राहिल्या.

“राधानगरीच्या जंगलातला धबधबा. लगीन झालं त्या साली दावतो म्हणालासा. पोरीचं लगीन झालं, नातू शाळंत जायला लागला. धबधबा कुठं हाय?”

“अगं, दर ऐतवारी कुणाची तरी गाडी अर्जंट असती...”

“ह्यो ऐतवार माझा अर्जंट! पुढच्या म्हैन्यात गुडघ्याचं ऑपरेशन हाय. त्याच्या आधी न्हाय नेलं तर परत धबधब्याचं नाव काढायचं न्हाय. आणि डब्याचंबी!”

अण्णा कुणाला भीत नाहीत. पण डब्याला भ्याले. घरगाडी थेट धबधब्यासमोर लावायची, म्हणजे अक्कांना पाऊलभरसुद्धा चालायला नको, असं ठरलं.

*

अण्णांना वेल्डिंगचा टाका बघून तो कुणी मारलाय ते कळतं. आपण अक्षर ओळखतो तसं. पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या, सगळे नवरानवरीकडे बघत होते आणि अण्णा मान वर करून मांडवाच्या कमानीकडे.

अक्कांनी कोपर मारलं. “आशीर्वाद द्या की!”

“थांब. ह्यो मुरगूडच्या बाळूचा टाका हाय. तू आधी कमानीखालनं बाजूला सरक!”

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठलीही गाडी बाहेर पडण्याआधी अण्णा पेपर घेऊन आत बसतात आणि आम्ही टपावर दोन पाइपांनी पाणी सोडतो. पेपर ओला झाला तर गाडी परत शेडमध्ये.

घरगाडीच्या वेळी अण्णा छत्री घेऊन बसले. सलीमभाई हसले. “का ओ अण्णा, सोताच्या कामावर इस्वास न्हाय?”

“माझ्या टाक्यावर हाय. वायरीसाठी तू टपाला भोकं पाडलीस, त्यांच्यावर न्हाय!”

पेपर कोरडा निघाला. सलीमभाईंनी तो घडी घालून जपून ठेवलाय. अजून दाखवतात.

*

रोज चारच्या चहाला सहलीची मीटिंग व्हायची. मी यादी लिहायचो. अक्का सांगायच्या आणि यादी वाढायची. परात, खलबत्ता, चटणीचा डबा, दोन चटया, पाट.

अण्णा वैतागले. “परात कशाला? गाडीत किचन हाय की!”

“त्याला किचन म्हणताय? त्या कपाटात माझी परातसुदीक उभी ऱ्हायची न्हाय!”

अण्णांनी घरून परात मागवली आणि लावून बघितली. खरंच राहिली नाही. संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला. “सायेब, किचन चार इंच वाढवलंय. का ते इचारू नगा!”

*

मापं माझ्याकडे होती. पलंग मोजला, दार मोजलं, अक्कांची बसायची खुर्चीसुद्धा मोजली. जंगलाच्या गेटवर लोखंडी कमान आहे असं ऐकलं, म्हणून फोन करून उंची विचारली. नऊ फूट. माझ्या वहीत घरगाडी आठ फूट दहा इंच.

“मास्तर, बसती न्हवं?”

“बसती.”

आयुष्यात एवढ्या ठामपणे मी कधी बोललो नव्हतो.

शनिवारी टपावर पाण्याची टाकी बसवली. चारही बोल्ट मीच आवळले. वही खिशातच होती!

*

रविवारी सलीमभाईंनी कमानीच्या अलीकडे करकचून ब्रेक मारला. टाकी आणि आडवा बार समोरासमोर. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे.

“टाकी काढू. पाना दे,” अण्णा म्हणाले.

यादीत खलबत्ता होता. पाना नव्हता!

गेटवरचा गार्ड आला. “पावणं, गाडी हितंच लावा. धबधबा अर्धा किलोमीटर हाय, चालत जावा.”

मला अक्कांकडे बघवेना. अण्णा गार्डवरच उखडले. “एवढा खाली बार? कुठल्या शहाण्यानं केलीया ही कमान?”

“लई जुनी हाय ओ. पण काम भक्कम! दोन ट्रक धडकलं, टाका हलला न्हाय.”

टाका म्हटल्यावर अण्णा राहतात होय? मागच्या शिडीवरून टपावर चढले. बारच्या जोडावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मग गुपचूप खाली उतरले आणि चष्मा पुसत बसले.

“कुणाचा हाय?” सलीमभाईंनी विचारलं.

“वळखंना,” अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच!

अक्का गाडीतून हळूहळू उतरल्या. मान वर करून बघितलं.

“मी वळखते की. चार म्हैने आपल्या शेडात पडलाता ह्यो बार. ह्याच्यावर मी साड्या वाळत घातल्यात!” मग अण्णांकडे वळल्या. “बत्तीस वर्सं घरात अडवलं ते पुरं झालं न्हाय, म्हणून हितंबी बार लावून ठिवलासा व्हय?”

त्यांनी पदर खोचला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि कमानीखालून चालायला लागल्या. अण्णा त्यांची खुर्ची डोक्यावर घेऊन मागोमाग निघाले. बारखाली येताच बिचकून थांबले.

अक्का मागं न बघताच ओरडल्या, “या तसंच! खुर्ची मास्तरनं मापलीया, बसती!”