ड्रमच्या माइकातला धाकटा

थोरला सोफे शिवायचा. फाटकं कापड उसवायचं, दबलेला फोम उपसायचा, पट्टे ताणून खिळे ठोकायचे. दोघा भावांच्या बँडमध्ये ड्रमही तोच वाजवायचा. "आमच्या दादाला ताल-बिल काही कळत नाही," धाकटा सांगत सुटायचा, "त्याला नुसता खिळा दिसतो."

धाकटा गायचा. गायचा कसला, घसा खरवडून काढायचा. ग्रंज म्हणतात त्या संगीताला. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणी मारतंय का रे त्याला?"

पहिला अल्बम वर्कशॉपमध्येच करायचा ठरला. फोमचे गठ्ठे भिंतींना लावले, अर्धवट सोफे बाहेर काढले. रेकॉर्डिस्टची पद्धत अशी, की आधी ड्रम पक्के करायचे. ड्रमवाल्याला गाणं कुठवर आलंय ते कळावं म्हणून गायकानं सोबत कच्चंच गायचं. ड्रम झाले की ते कच्चं गाणं पुसायचं, आणि खरं गाणं सगळ्यात शेवटी.

त्यासाठी गायकानं पलीकडच्या खोलीत बसायचं असतं. धाकटा ऐकेल तर शपथ.

"दादाचे खांदे दिसले नाहीत तर मला कुठं शिरायचं ते कळत नाही."

"अरे बाबा, तुझा आवाज ड्रमच्या माइकात घुसतोय!" रेकॉर्डिस्ट वैतागला.

"घुसू दे की. घरचाच आहे."

ड्रम संपले तोवर धाकट्याला खोकल्यानं धरलं होतं. स्वतःचं कच्चं गाणं ऐकून तो लाजला. "पूस आधी ते. नुसता बेडूक ओरडतोय. खोकला जाऊ दे, मग बघा कसा गातो." रेकॉर्डिस्टनं पुसून टाकलं. थोरला शेजारीच उभा होता. त्यात अडवण्यासारखं काही नव्हतं, असंच करतात.

खोकला गेला नाही, फुप्फुसात उतरला. दवाखान्यात तोंडावर मास्क असताना धाकटा दोन बोटांनी पलंगाच्या दांडीवर ताल धरायचा. थोरल्यानं त्याचा हात दाबून धरला. "गप पड रे. बरा झालास की वाजव." दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा गेला.

पुढं कितीतरी दिवस वर्कशॉपचं शटर अर्धंच वर असायचं. मग एकदा थोरला रेकॉर्डिस्टकडे जाऊन बसला. "कुठंतरी राहिला असेल बघ ना."

रेकॉर्डिस्टनं ड्रमवर टांगलेल्या माइकातलं रेकॉर्डिंग तेवढं लावलं. दणदणाटाच्या मागं, बंद दारापलीकडून यावा तसा धाकटा ओरडत होता. थोरल्यानं तोंडावर हात धरला.

"जरा मोठा कर त्याला."

मोठा केला, तर ड्रमही मोठे झाले. ड्रम कमी केले, तर धाकटाही बुडाला. रेकॉर्डिस्टनं येत होतं ते सगळं करून पाहिलं. "दोघं एकाच माइकात आहात रे. सुटे होत नाहीत."

गिटारवाला म्हणाला, दुसरा गायक घेऊ, तू ड्रम नव्यानं वाजव, म्हणजे मागचा आवाज जाईल. थोरल्यानं काठ्या हातात घेतल्याच नाहीत. अल्बम तसाच निघाला. ऐकणारे म्हणाले, गायक लांबून ऐकू येतो, काय डोकं लढवलंय! थोरला "हं" म्हणायचा.

आईला मात्र त्यानं बरेच दिवस ऐकवला नव्हता. एका दुपारी तीच वर्कशॉपमध्ये आली, पदरानं हात पुसत स्पीकरपाशी बसली. "लाव."

त्यानं लावला. ती कान देऊन ऐकत राहिली.

"कुठंय?"

"मागं आहे गं. नीट ऐक. आता येईल बघ... हा, हा!"

तिला सापडला. चेहरा उजळला, ओठ हलायला लागले, आणि तेवढ्यात ड्रम धडाडून अंगावर आले. ती थोरल्याकडे वळली, लहानपणी दोघांचं भांडण सोडवायची त्याच आवाजात म्हणाली, "अरे, थांब ना तू जरा! त्याला म्हणू दे की."

थोरल्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यानं उठून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.