सिस्टर स्वतः खेळतात

चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, सुरू झाल्या त्या आठवड्यात, लाखांदूरच्या सिस्टरनी भंडाऱ्याच्या एका दुकानातून व्हिडिओ गेमचा कन्सोल विकत घेतला. तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. घरात मूल नव्हते. दुकानदाराने विचारले, "मुलासाठी का नातवासाठी, ताई?" सिस्टर म्हणाल्या, "माह्यासाठी." दुकानदार हसला. त्या हसल्या नाहीत. "हसून कायले राहिले? बिल बनवा."

सिस्टर आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होत्या. मूळ गाव तुमसर तालुक्यातले बपेरा. आजोबांच्या काळात घर बौद्ध झाले, वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली आणि घरातला पहिला पगार सिस्टरनी आणला. लग्न केले नाही. कुणी कारण विचारले तर "टाइम नाही भेटला" एवढेच सांगत. लशींचा डबा स्कूटीला बांधून त्या रोज धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यांनी फिरत. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो आणि त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहत होतो. दोन्ही घरांमध्ये गल्ली होती, आणि गल्ली रुंद नव्हती. त्यामुळे पुढचे बरेचसे मी पाहिलेले किंवा ऐकलेले आहे.

कन्सोल घेण्याचे कारण भाचा होता. नागपूरला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या या भावाच्या मुलाने सिस्टरच्या हातात एकदा कंट्रोलर दिला आणि थोड्याच वेळात काढून घेतला. "आत्या, तुले नाही जमत," असे तो म्हणाला. परत येताना सिस्टर भंडाऱ्याला उतरल्या.

त्या फुटबॉल खेळत. खेळात स्वतःचा संघ तयार करता येतो. सिस्टरनी संघाचे नाव 'उपकेंद्र' ठेवले आणि खेळाडूंना ओळखीच्या बायकांची नावे दिली. पुढच्या फळीत आशाताई होत्या. गोलकीपर शेवंताबाई, म्हणजे उपकेंद्राच्या मदतनीस, कारण "तिच्या हातून आजवर काहीच सुटलं नाही." वैद्यकीय अधिकारी राखीव खेळाडूंत होते. ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानावर गेली. आढावा बैठक संपल्यावर त्यांनी विचारले, "सिस्टर, मला बेंचवर का बसवलं?" सिस्टर म्हणाल्या, "सर, तुमचा फॉर्म नाही सध्या." पुढे लसीकरणाचे लक्ष्य वेळेत पूर्ण झाले, तेव्हा साहेबांना पंधरा मिनिटे मैदानात उतरवण्यात आले.

संध्याकाळी शेवंताबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी खेळायला येत. सिस्टरनी त्यांच्यासाठी आणखी तीन कंट्रोलर घेतले. शेवंताबाई हरल्या की, "सिस्टर, तुमचं बटन चांगलं हाय, माहं दबतच नाही," असे म्हणून कंट्रोलर बदलून मागत. सिस्टर बदलून देत आणि पुन्हा हरवत. गल्लीतले पुरुष ओट्यावर बसून आवाज ऐकत. त्यांतला एक निवृत्त गुरुजी एकदा म्हणाला, "सिस्टरबाई, आता भजन-पूजनाचं वय हाय." सिस्टरनी खिडकीतूनच उत्तर दिले, "माही बुद्धवंदना पहाटेच झाली, गुरुजी. तुमचं काय बाकी हाय?"

पहिल्या उन्हाळ्यात कन्सोल बंद पडू लागला. पंख्याचा आवाज वाढायचा, पडद्यावर गरम झाल्याची सूचना यायची आणि सामना अर्ध्यात तुटायचा. लाखांदूरचा उन्हाळा आणि जवळच्या राईस मिलचा उडता कोंडा, दोन्ही त्याला सोसत नव्हते. सिस्टरनी तो लोखंडी जाळीवर ठेवला, शेजारी टेबल फॅन लावला, दर रविवारी ब्रशने साफ केला. फरक पडला नाही. एका बाईने लशीच्या डब्यातली बर्फाची पाकिटे लावून पाहायला सांगितले. सिस्टर एवढ्या चिडल्या की ती बाई दोन दिवस आली नाही. "तो बर्फ लेकरांच्या लशीचा हाय. माही मशीन जळून गेली तरी चालल."

शेवटी त्यांनी वेळ बदलली. मे महिन्यात त्या पहाटे उठत, वंदना करत आणि ऊन तापेपर्यंत खेळत. सात वाजता स्कूटी बाहेर निघे.

दुरुस्ती केंद्र नागपूरला होते. सिस्टर कन्सोल गोधडीत गुंडाळून एसटीने नेत, पूर्ण रस्ता मांडीवर. कंडक्टर विचारी, "लहान मूल हाय का जी?" "मूल नाही. मशीन हाय. तिकीट नाही लागत." नागपूरच्या थंड खोलीत यंत्र दिवसभर चालायचे. 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळायचा. लाखांदूरला आले की दुसऱ्या दिवशी बंद. असे तीनदा झाले. चौथ्यांदा केंद्रातल्या मुलाने कोंड्याकडे बोट दाखवून सांगितले, की धूळ शिरली म्हणजे वापर चुकीचा. सिस्टर म्हणाल्या, "कोंडा तं गावात राहीलच. माहा टीव्ही त्याच कोंड्यात चालते, फ्रिज चालते, पंखा चालते. मंग हेच काहून नाही चालत?" मुलाने साहेबांचा नंबर दिला. साहेबांनी फोन उचलला नाही.

त्याच वर्षीच्या मंडईत भाऊ पाहुणा आला. जेवणानंतर त्याने विषय काढला.

"बाई, बिघडलेलीच हाय ना? पोट्ट्याले देऊन टाक. तो करल दुरुस्त. तुले कायले लागते?"

"त्याले लॅपटॉप कोणं देल्ला?"

"तू."

"मोबाइल?"

"तूच देल्ला."

"मंग हे माह्यं राहू दे."

"बंद पडलेलं?"

"बंद पडलेलं बी माह्यंच हाय."

हिवाळ्यात त्यांनी भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. कंपनीचे लेखी उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर आले. कन्सोलच्या खात्यात खेळलेले एकूण तास दिसतात. कंपनीचे म्हणणे असे, की तक्रारदाराचे वय आणि नोकरी पाहता इतके तास त्या स्वतः खेळणे संभवत नाही. चार कंट्रोलर आहेत, त्याअर्थी यंत्र गेम पार्लरमध्ये धंद्यासाठी वापरले गेले. धंद्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. म्हणून तक्रार फेटाळावी.

सिस्टरनी हे उत्तर ओट्यावर उभे राहून गल्लीला वाचून दाखवले. "मी खेळत नाही म्हणते हे. मंग पहाटे उठून कोण खेळते, माहं भूत?" त्या दिवसापासून त्या दुरुस्तीविषयी कमी बोलू लागल्या. त्यांचे बोलणे 'मी खेळत नाही म्हणते हे' या एका वाक्यावर येऊन थांबे.

सुनावणी मे महिन्यात झाली. मी बातमीदार म्हणून हजर होतो. कंपनीचे वकील नागपूरचे, वयाने तरुण, बोलायला सभ्य.

"घरात कोण कोण राहतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

"मग चार कंट्रोलर कशाला?"

"एक माहा. तीन बायांचे."

"त्यांच्याकडून पैसे घेता?"

"वरून चहा पाजते मी."

वकील म्हणाले, तक्रारदार खरेच खेळतात याचा पुरावा नाही. सिस्टरनी पायाजवळची गोधडी सोडली. "आणली हाय, साहेब. लावा." अध्यक्षांनी दोन्ही सदस्यांकडे पाहिले आणि परवानगी दिली. दूरच्या साक्षीदारांसाठी भिंतीवर पडदा होता, त्याला कन्सोल जोडला. 'उपकेंद्र' मैदानात उतरले.

पहिल्या भागात एक गोल खाल्ला. सिस्टर आयोगासमोर आहेत हे विसरल्या. "अवो शेवंताबाई, झोपल्या का?" असे त्या पडद्याला म्हणाल्या. दुसऱ्या भागात आशाताईंनी गोल केला. पंचांनी तो नाकारला आणि सिस्टर खुर्चीतून उठल्या. "हा कसा काय नाही?"

"ऑफसाइड होता, मॅडम," वकील म्हणाले.

"कुठचा ऑफसाइड?"

"होता. पाय पुढे होता. परत दाखवताहेत, बघा."

सिस्टरनी पाहिले. "हो, होता," म्हणाल्या आणि बसल्या. अध्यक्षांनी वकिलांना विचारले, की तक्रारदार स्वतः खेळतात याबद्दल आता काही म्हणायचे आहे का. वकील म्हणाले, त्याबद्दल नाही. पण यंत्र पाऊण तास चालू आहे आणि बंद पडलेले नाही, हे नोंदवावे.

ते खरे होते. खोलीत एसी होता. सिस्टर म्हणाल्या, "इथं नाहीच बंद पडणार. माह्या घरी या, चहा बी पाजते." अध्यक्षांनी निकाल राखून ठेवला.

बाहेर व्हरांड्यात वकिलांनी तडजोड मांडली. कंपनी नवा कन्सोल देईल, तक्रार मागे घ्यावी. त्यांनी मसुदा दिला. त्यात लिहिले होते, की यंत्र घरातील मुलांच्या वापरासाठी घेतले होते.

"पोट्टे कुठून आणू आता?" सिस्टरनी विचारले.

"फॉर्मॅलिटी आहे, मॅडम. कंपनीचा ठरलेला नमुना आहे. आजच सही केली तर आठवड्यात मशीन घरी येईल."

"हे एक वाक्य काढा. आत्ता सही करते."

वकील फोनवर बोलून आले. वाक्य निघणार नव्हते. सिस्टरनी कागद परत दिला. "तुमची मशीन तुम्हाले मुबारक."

बसस्टँडकडे जाताना मी म्हणालो, की कुणी वाचणार नव्हते, नवे यंत्र तरी मिळाले असते. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुमची बातमी पेपरात दुसऱ्याच्या नावानं छापली तं तुम्ही काय म्हणसान?" पुढे लाखांदूरपर्यंत त्या मागच्या चाकावरच्या सीटवर, मांडीवर गोधडी घेऊन बसल्या.

निकाल पावसाळ्यात लागला. तक्रारदार स्वतःच यंत्र वापरतात, म्हणून त्या ग्राहक आहेत, हा मुद्दा त्यांच्या बाजूने. यंत्रात दोष असल्याचे सिद्ध झाले नाही, हा मुद्दा विरुद्ध. तक्रार नामंजूर. भरपाई नाही. भावाने फोनवर विचारले, "हारली ना, बाई?" सिस्टर म्हणाल्या, "मशीनची हारली."

जुना कन्सोल या मार्चमध्ये कायमचा बंद पडला. एप्रिलअखेर सिस्टर निवृत्त झाल्या आणि बपेऱ्याला राहायला गेल्या. तिथे त्यांनी वडिलांच्या जागेवर दोन खोल्यांचे घर बांधले आहे. मे महिन्यात त्यांनी त्याच कंपनीचा नवा कन्सोल पूर्ण किंमत देऊन घेतला. दुसऱ्या कंपनीचा का नाही, असे मी फोनवर विचारले. "माही टीम त्याच्यातच उघडते. तिले कुठं सोडू?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात हा कन्सोलही बंद पडू लागला. सिस्टर एसटीने भंडाऱ्याला गेल्या आणि दुसरी तक्रार दाखल केली. तक्रारीचे पहिले वाक्य असे आहे: 'घरात मुले नाहीत, यंत्र मी स्वतः खेळण्यासाठी घेतले असून मी स्वतः खेळते.' आयोगाने तक्रार दाखल करून घेतली आहे. कंपनीला नोटीस गेली आहे.