कोल्ह्याच्या शेपटापायी केदारखेड्याला

माझ्या कोल्ह्यानं माफी मागितली आणि तिथंच सगळं बिनसलं. झालं असं, की लहानपणी मावशीकडून ऐकलेल्या गोष्टी मी मुलांसाठी नव्यानं लिहून एका प्रकाशनाला दिल्या. संपादक बाईंना सगळ्या आवडल्या, एक सोडून. त्या गोष्टीतला कोल्हा मोसंबीच्या बागेत रोज शिरतो आणि राखणीच्या कुत्र्याला सांगतो, मी मालकाचा पाहुणा आहे. शेवटी कुत्रा फाटक आपटतो आणि कोल्ह्याचं शेपूट तुटतं. बाई म्हणाल्या, "मुलं घाबरतील हो. जरा मऊ करा." मी इतकं मऊ केलं की कोल्हा सॉरी म्हणाला आणि कुत्र्याबरोबर भागीदारीत ज्यूस सेंटर टाकून बसला. वाचताना माझंच तोंड वाकडं होत होतं. पक्का मजकूर लगेचच द्यायचा होता. म्हटलं, ज्या अंगणात ही गोष्ट ऐकली तिथल्याच पोरांना दोन्ही शेवट विचारून येऊ.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला गाड्यांची कमी नाही. जालना बसस्थानकात भोकरदनची एसटी धरायची. आधी राजूर लागतं, मग केदारखेडा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीत बसून मला उगाचच श्रीमंत वाटत होतं. मी राजूरला उतरून गणपतीचं दर्शन घेतलं. तुम्हाला निवांत दर्शन हवं असेल तर चतुर्थी टाळा, नाहीतर दिवस रांगेतच जाईल. देवळाबाहेर पेढे घेतले, अर्थात पंचांना, म्हणजे त्या पोरांना, लाच म्हणून. पुढच्या गाडीत मागच्या सीटवर दोघं बोलत होते.

"दर्शन झालं का बराबर?"

"झालं की. चपला गेल्या तेवढ्या."

मावशीकडे पोचले तेव्हा भाकरी तव्यावर होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. असं जेवण हॉटेलात शोधू नका, तिकडे कुणीतरी मावशी करून ठेवा. जेवण झाल्यावर मावशीची सात वर्षांची नात ओवी आणि शेजारची चार पोरं यांना लिंबाखाली बसवलं आणि जाहीर केलं, की आत्या गोष्ट सांगणार. एकही पोर खूश झालं नाही.

"दिवसा?" ओवीनं विचारलं.

"मग काय झालं?"

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. अन् माझा मामा आज नांदेडहून येऊन राह्यला. नव्या गाडीत."

मावशी दारातून म्हणाली, "बराबर बोलून राह्यली पोरगी. दिवे लागल्यावर सांग की, नीता."

दिवे लागेपर्यंत थांबले तर परतीची गाडी चुकणार होती. शिवाय मी शिकलीसवरलेली बाई. मोबाईलमध्ये नकाशा असतो, मामा चुकत नसतो, असं छोटंसं व्याख्यान दिलं आणि पेढ्यांचा पुडा उघडला. पेढ्यांपुढे मामा हरला. ओवीनं मात्र नाइलाजानंच पेढा घेतला.

मावशीच्या अंगणात ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणत राहायचं असतं, नाहीतर सांगणारा थांबतो. पोरांनी कोल्ह्याला छान हुंकार दिले. बागेत शिरला, हूं. मोसंबी खाल्ली, हूं. मग कोल्हा सॉरी म्हणाला आणि अंगणात चिडीचूप झालं. मी ज्यूस सेंटरपर्यंत रेटून नेलं. एक पोरगा उठून चप्पल शोधायला लागला.

"शेपूट कवा तुटतं?" ओवीनं विचारलं.

"ह्या गोष्टीत नाही तुटत."

"आजीच्यात तुटतं."

तेवढ्यात आत तिच्या आईचा फोन वाजला. "दादा, तू परतूरला कशाला गेल्तास?" एवढंच ऐकू आलं. तिनं बाहेर येऊन सांगितलं, मामा वाटूरच्या फाट्यावर जालन्याचा रस्ता सोडून परतूरकडे वळला होता. आता फोनही लागेना.

ओवीनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ते जास्त वाईट. "खोटी गोष्ट सांगितली," ती म्हणाली, "अन् ती पण दिवसा."

मी मावशीकडे मदतीसाठी बघितलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी निवाडा ओवीनंच केला: "आता खरी संपव. मंग त्याला वाट सापडंल."

माझं शिक्षण, नकाशा, सगळं गुंडाळून मी कोल्ह्याला पुन्हा फाटकाशी आणलं. पोरं घसा फाडून हुंकार देत होती, थेट परतूरपर्यंत पोचावेत असे. फाटक आपटलं, शेपूट तुटलं आणि पोरं खदाखदा हसली. सगळ्यात लहान पोरीनं विचारलं, त्या शेपटाचं काय झालं? मी म्हटलं, कुत्रा त्या शेपटानं रोज आपली बसायची जागा झाडतो. त्यावर ती हसून आडवीच पडली. ओवी एकटी हसली नाही. ती जाऊन अंगणाच्या फाटकाला धरून उभी राहिली. चहा झाला, तरी ती तिथंच. मी शेजारी जाऊन उभी राहिले तर थोडी सरकली, तेवढीच माफी मिळाली. खरं सांगते, त्या वेळी मीही रस्त्यावर डोळे लावून होते.

ऊन उतरता उतरता गाडी आली. मामा म्हणाला, "फोनवर बोलून राह्यल्तो, ध्यानच न्हाई राह्यलं." ओवीनं त्याच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडेचना. मला जालन्यापर्यंत सोडायची त्याची तयारी होती. ओवी म्हणाली, "आत्या एसटीनं जाईल. ती गाडीत बसली की तू परत चुकशील." मी एसटीनं आले.

दुसऱ्या दिवशी संपादक बाईंना फोन केला. म्हटलं, शेपूट तुटतंय. चालणार नसेल तर गोष्ट परत द्या.

"पण मुलं घाबरणार नाहीत?"

"घाबरतात," मी म्हटलं. "शेपटाला नाही. ज्याची वाट बघतोय तो आलाच नाही तर, ह्याला घाबरतात."

त्या म्हणाल्या, "माझा मुलगा रोज मी ऑफिसातून येईपर्यंत खिडकीत उभा असतो." पलीकडे कागद आवरल्याचा आवाज आला. "तुटू द्या शेपूट. मी आज लवकर निघते."