उसनी चीर

माझ्या मैत्रिणीने, नीलाने, अलिबागला टिकी बार काढलाय. पॅसिफिक बेटांवरच्या लाकडी देवांचे चेहरे, वेताचे दिवे, सगळा तोच थाट. भिंतीवर विकतचे, फायबरचे मुखवटे ओळीने टांगलेले. जवळून पाहिलं, तर प्रत्येकाच्या डाव्या गालावर तीच चीर. मूळ लाकूड वाळताना तडकलं असणार. साच्याने तेही उचललं. फायबर कुठलं वाळतंय!

शैली उसनी घ्यावी, खुशाल घ्यावी; पण हात आपलाच चालवावा.

दाराशी मात्र नीलाने स्वतः कोरलेला मुखवटा होता, वादळात पडलेल्या घरच्या माडाचा. टिकीच, पण ओठ दुमडून रुसलेला.

"हे कोण गं?"

"सासरे. बार काढते म्हटल्यावर अस्सेच बसले होते."

मी हात फिरवला. गाल अजून ओलसर होता. तडकेल तेव्हा ती चीर त्याची स्वतःची असेल.