गॅरेजवाल्याला मास्तर करणाऱ्या शरयूताई

शरयूताई दामले यांची आणि माझी पहिली ओळख लंडनच्या हाउन्सलो भागातल्या माझ्या गॅरेजमध्ये झाली. त्यांच्या यजमानांची गाडी सर्व्हिसिंगला आली होती. मी एका गिऱ्हाइकाला ब्रेक कसे झिजतात ते समजावत होतो आणि ताई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, “वसंतराव, तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवायला या.”

“ताई, मी दहावीनंतर थेट पाना हातात धरला. डिग्री कुठून आणू?”

“डिग्री मागितली कुणी? मोटार मेकॅनिकची लेव्हल थ्री परीक्षा तुम्ही पास आहात, इतक्या वर्षांचा अनुभव आहे. शिकवण्याचं सर्टिफिकेट नोकरी करता करता घ्यायचं. राहिली इंग्रजीची लेव्हल टू परीक्षा. ती मी बघते.”

ताई कॉलेजात नव्या शिक्षकांना शिकवायला शिकवत. नियम तेव्हा नवा होता. शाळा संपवून हाताचं कसब शिकायला येणाऱ्यांना शिकवायचं, तर नुसती कारागिरी पुरणार नाही, शिकवण्याची पात्रताही हवी. मला दोन वर्षांची मुदत मिळाली. मी मोठ्या जोशात गॅरेज विकलं आणि कॉलेजात रुजू झालो. नापास झालो असतो, तर गॅरेजही नाही आणि नोकरीही नाही. बायको म्हणाली, “पन्नाशी आली, आता दप्तर घ्या.” दर शनिवारी ताई घरी येऊन इंग्रजीचे पेपर सोडवून घेत. चहाशिवाय काही घेत नसत. त्या परीक्षेत मी पहिल्या फटक्यात पास झालो.

वर्गात मात्र आपटलो. ताई परीक्षक म्हणून माझा लेसन बघायला आल्या, आणि एका विद्यार्थ्याने बोल्ट उलटा फिरवताच मी त्याच्या हातातून पाना हिसकावला. तासभर मीच गाडी दुरुस्त केली. गाडी झकास सुरू झाली आणि मी नापास झालो.

प्रत्येक लेसननंतर आपण कसं शिकवलं ते लिहायचं असे. मी अकरा वेळा “लेसन छान झाला” एवढंच लिहिलं होतं. ताईंनी फाइल परत केली.

“गॅरेजमध्ये जॉब कार्डवर काय लिहायचात?”

“तक्रार, कारण, उपाय.”

“मग इथेही तेच लिहा. फक्त गाडीच्या जागी स्वतःला उभं करा.”

मी लिहिलं: तक्रार, विद्यार्थी गप्प उभे राहतात. कारण, वसंत. उपाय, अजून सापडलेला नाही. ते वाचून ताई खुर्चीत मागे रेलून हसल्या. “आता गाडी लायनीवर आली,” म्हणाल्या.

परीक्षेचा दुसरा लेसन ही शेवटची संधी होती. ताई मागे फाइल घेऊन बसल्या. मी मुद्दाम एक आजारी हॅचबॅक आणली होती. इंजिन सुरू झालं आणि क्षणात माझ्या कानाने बारीक सुस्कारा पकडला. कुठून तरी हवा गळत होती. मी दोन्ही हात खिशात कोंबले.

ग्लोरिया नावाच्या, बेकरीतली नोकरी सोडून शिकायला आलेल्या बाई वैतागल्या. वर्गात वसंतचं सगळे ‘वॅस’ करत. “वॅस, तुला माहितीये ना काय झालंय?”

“माहितीये.”

“मग सांग की.”

“तुला काय ऐकू येतंय?”

बाकीचे प्लगवरून भांडत होते. तास संपायला पाच मिनिटं उरली. ग्लोरियाबाई वाकल्या, कान दिला, आणि एका रबरी नळीवर अंगठा दाबला. इंजिनाची धडधड एकदम शांत झाली. “चीर आहे इथे!” सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला, आणि मी तर असा ओरडलो की शेजारच्या वर्कशॉपमधले लोक धावत आले.

ताईंनी फॉर्मवर “पास” लिहिलं. माझी नोकरी वाचली.

माझ्यासारखे किती प्लंबर, आचारी, केस कापणाऱ्या बायका ताईंनी शिक्षक केले, ते आज ताईंच्या साठीनिमित्त काढलेल्या या अंकात भेटतीलच. कुणालाही त्यांनी एक पायरी गाळू दिली नाही, आणि कुणाला एकट्याने चढूही दिलं नाही.

साठीनंतर काय करणार, असं परवा विचारलं, तर म्हणाल्या, “गाडी चालवायला शिकणार. आजवर शिकायला सवड कुठे होती?” मला एवढा आनंद झाला की मी लगेच म्हटलं, “ताई, मी शिकवतो.”

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्याकडे ड्रायव्हिंग शिकवायची पात्रता आहे?”

“नाही.”

“मग मिळवा. तोवर मी बसने जाते.”

त्याच्या तीन परीक्षा असतात. मी पहिलीचं पुस्तक आणलं आहे. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मी अभ्यासाला बसतो.