आक्षेप आहे, तरी उत्तर द्या

लोर्ना पिएतिला सव्वीस वर्षं गावच्या स्केटिंग रिंकवर बर्फ घासायची गाडी चालवत होती. उत्तर मिनेसोटातलं खाणीचं गाव ते. सहा महिने मुलं-माणसं बर्फावरच असायची, आणि बर्फ नीट नसला तर शिव्या लोर्नाला. तशी वेळ क्वचितच यायची. ती नेमकं काम करायची आणि नेमकंच बोलायची. ‘हो’ म्हणायचं असेल तर मान हलवायची, ‘नाही’ म्हणायचं असेल तर तीही हलवायची नाही. अशा बाईला लोकांनी सहा तास बोलायला लावलं.

झालं ते एवढंच. शनिवारी सकाळी गाडी आत लावताना दारापाशी रबरी पट्टीवर पाणी सांडलं. लोर्नानं ‘ओलं आहे’ची पिवळी पाटी मांडली आणि पुसायला वायपर आणायला गेली. परत येते तर डेल वुकेलिच आडवा. सत्तरीचा डेल, खाणीतून निवृत्त, दर शनिवारी स्केटिंगला यायचा. खुब्याचं हाड मोडलं. वसंत ऋतूत त्यानं गावावर दावा लावला, आणि उन्हाळ्यात लोर्नाला जबानीचं बोलावणं आलं.

ती चर्चला जायचा निळा कोट घालून गेली. जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं वकिलाचं ऑफिस. लांब टेबल, डोनटांचं ताट, पाण्याच्या बाटल्या. टेबलाच्या टोकाला छोटं यंत्र घेऊन एक लघुलेखिका बसली होती. तिनंच लोर्नाला शपथ दिली.

लोर्नानं खोलीभर पाहिलं. “न्यायाधीश कुठायत?”

“इथं नसतात ते,” गावाची वकील टेस मार्केटी हळूच म्हणाली. “ही फक्त जबानी. खटल्याआधी समोरच्या वकिलाला सगळं विचारून घ्यायचं असतं.”

डेलचा वकील स्कोगलंड, बारीक चष्म्याचा, भलताच गोड बोलणारा. त्यानं सुरुवात केली ती लोर्नाच्या शाळेपासून. मग आधीच्या नोकऱ्या. मग रक्तदाबाच्या गोळ्या. सकाळी नाश्ता काय केला होता, चष्मा कधी बदलला. लोर्ना मान हलवायची, की लघुलेखिका थांबायची.

“तोंडानं सांगा हं बाई. मान मला टाइप करता येत नाही.”

“हो.”

“रिंकच्या कँटीनमधल्या अर्मानं डेलच्या पडण्याबद्दल तुम्हाला काय सांगितलं?” स्कोगलंडनं विचारलं.

“आक्षेप,” मार्केटी म्हणाली. लोर्नानं लगेच तोंड मिटलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

“उत्तर द्या, मिसेस पिएतिला,” मार्केटीच म्हणाली.

“तुमचा आक्षेप आहे ना?”

“आहे. तो नोंदवला. तुम्ही उत्तर द्या.”

“मग आक्षेप ऐकला कुणी?”

“अजून कुणीच नाही. लागलं तर न्यायाधीश पुढं बघतील.”

लोर्नानं सुस्कारा सोडला आणि अर्मानं काय सांगितलं ते सांगितलं: डेल पाटीकडे न बघता कुणाशी तरी मोठ्यानं बोलत चालला होता. त्यावर वीस मिनिटं कीस पाडण्यात गेली. अर्मा कुठं उभी होती, अर्माला ऐकू कसं येतं, अर्मा कोणाची मावशी.

दुपारी मिनिटांची पाळी आली. पाणी जितका जास्त वेळ तसंच पडून, तितका दोष गावाचा. पाणी सांडल्यापासून डेल पडेपर्यंत किती वेळ गेला?

“माहीत नाही. घड्याळ बघितलं नव्हतं.”

“अंदाजे?”

“मी अंदाज करत नाही. पाटी ठेवली तेव्हा डेल बाकावर बसून लेस बांधत होता. एक बूट झाला होता. मी वायपर आणायला गेले, आले, तर तो पडलेला.”

“म्हणजे किती मिनिटं?”

“माहीत नाही.”

हाच प्रश्न त्यानं शब्द फिरवून पाच वेळा विचारला. मार्केटी दर वेळी “आक्षेप, विचारून झालंय” म्हणायची आणि दर वेळी लोर्नाला उत्तर द्यावं लागायचं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, तिचा पाय बधिर झाला होता.

“बरं बाबा,” ती शेवटी म्हणाली, “पाच मिनिटं धरा.”

स्कोगलंड गोड हसला आणि पुढच्या प्रश्नाला लागला.

महिन्याभरानं एकशे चौऱ्याऐंशी पानं टाइप होऊन घरी आली. तीस दिवसांत वाचून चुका कळवायच्या. लोर्ना स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसली. नवरा रैनो कॉफी ओतत म्हणाला, “आपल्या लग्नापास्नं तू एवढं बोलली नाहीस. मलापण वाचायला दे की.”

“गप बस.”

पाच मिनिटांच्या ओळीवर तिची पेन्सिल अडली. तिनं मार्केटीला फोन लावला. “हे खोडू?”

“दुरुस्ती लिहा, कारण लिहा. पण जुनं उत्तर पुसलं जात नाही. दोन्ही राहतात.”

“मग दुरुस्ती कसली ती?” लोर्ना म्हणाली आणि चिडून फोन ठेवला. तरी तिनं लिहिलं: ‘वेळ माहीत नाही. कंटाळून बोलले.’

खटला उभा राहिला तो पुढच्या वसंतात. या वेळी खरं कोर्ट होतं. झेंडा, उंच खुर्चीवर न्यायाधीश, डाव्या हाताला ज्यूरीचे सहा जण. डेल काठी घेऊन वकिलाशेजारी बसला होता. लोर्नानं ती एकशे चौऱ्याऐंशी पानं पुन्हा वाचून काढली होती. शाळेचं सालसुद्धा पाठ होतं. शाळेचं कुणी विचारलं नाही. गोळ्यांचंही नाही. मार्केटीनं मोजून बारा प्रश्न विचारले. लोर्नाला वाटलं, महत्त्वाचं तर राहिलंच, म्हणून ती आपणहून म्हणाली, “अर्मानं मला सांगितलं की—”

“आक्षेप,” स्कोगलंड उठला.

“मान्य,” न्यायाधीश म्हणाले. “साक्षीदारानं यावर बोलू नये. अर्माबाईंचं म्हणणं अर्माबाईच सांगतील.”

लोर्नानं स्कोगलंडकडे बोट केलं. “साहेब, याच माणसानं मला वीस मिनिटं हेच विचारलं होतं.”

“ते तिथं. इथं नाही. विचारलं तेवढंच सांगा.”

मग स्कोगलंडची पाळी. “पाणी किती वेळ तसंच होतं?”

“माहीत नाही.”

त्यानं जाड बाड उघडलं. “पान एकशे बारा, ओळ सात. ‘पाच मिनिटं धरा.’ शपथेवर म्हणालात ना? तेव्हा खरं होतं की आता?”

“तुम्ही मला—”

“हो की नाही, बाई?”

लोर्नानं मान हलवली. “तोंडानं,” इथली लघुलेखिका म्हणाली. लोर्ना पुढं वाकली. “म्हणाले मी तसं. हो.”

स्कोगलंड बसला. मार्केटी उठली, न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि त्याच बाडातलं एकशे अकरावं पान मोठ्यानं वाचायला लागली. माहीत नाही. घड्याळ बघितलं नव्हतं. मी अंदाज करत नाही. एक बूट झाला होता. माहीत नाही. माहीत नाही. शेवटी लोर्नाची दुरुस्तीही वाचली. ‘कंटाळून बोलले’ ऐकून ज्यूरीतला एक जाडा गृहस्थ खाली बघून हसला.

“एक बूट बांधायला किती वेळ लागतो?” मार्केटीनं विचारलं.

“डेलला? दोन मिनिटं. शनिवार-शनिवार बघतेय मी त्याला.”

अकरा मिनिटांत ती साक्षीच्या खुर्चीतून उतरली.

जेवणाच्या सुट्टीत दोन्हीकडचे वकील एका खोलीत गेले. पाऊण तासानं मार्केटी बाहेर आली. “तडजोड झाली, मिसेस पिएतिला. ज्यूरीला घरी पाठवताहेत. काय ठरलं ते सांगता येणार नाही मला.”

“म्हणजे ते ठरवणारच नाहीत? पाण्याचं, पाटीचं?”

“नाही.”

“मग मी वर्षभर हे कशाला केलं?”

“तुमची साक्ष चांगली झाली म्हणूनच तर मिटलं.” मार्केटीनं हात पुढं केला. लोर्नानं तो हातात घेतला, पण मनात आलं, या लोकांना सरळ रस्त्यानं घरी तरी जाता येतं का.

पार्किंगमध्ये डेल काठी काखेत धरून ट्रकचं दार उघडायची खटपट करत होता. तिनं जाऊन दार ओढून धरलं.

“जावई मागं लागला गं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “दवाखान्याचं बिल बघितलं नि म्हणाला, आता दावाच लावायचा.”

“तू मला फोन करायचास.”

“वकील म्हणाला, करू नका.”

“मलाही तेच सांगितलं होतं,” लोर्ना म्हणाली.

तो कसाबसा चढला. दुखरा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. तो पाय तिनं आज पहिल्यांदाच नीट बघितला. एकशे चौऱ्याऐंशी पानांत त्या पायाचं तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

“परत स्केट करता येईल?”

डेलनं मान हलवली. नाही. तिला समजलं. तिनं दार अलगद लावलं आणि तो गाडी वळवून रस्त्याला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.