एका बोटाचा चहा

अनया, ऋषी, ऑस्ट्रेलियातलंच ते छोटं गाव सोडून मेलबर्नला राहायला गेल्यापासून तुम्ही फोनवर एकच तक्रार करता, "आजी, इथे गाडीतून कोणी ओळख देत नाही." म्हणून आज हे लिहिते आहे.

तुमच्या त्या गावात दोन वर्षं राहून मी मस्कतला परतले, तेव्हा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून समोरच्याला नमस्कार करायची तिथली सवय माझ्याबरोबर आली. इथल्या माबेला ते अल् घुब्रा या रस्त्यावर रोज तासभर गाड्यांची रांग असायची, पण कोणी बघतसुद्धा नसे. तुमचा तो मोकळा रस्ता फार आठवायचा.

एका सकाळी गल्लीच्या तोंडावर चहावाला दुकानाच्या दारात उभा दिसला आणि माझं बोट आपोआप वर गेलं. इथे लोक गाडीत बसूनच, हॉर्न वाजवून किंवा बोटं दाखवून चहा मागवतात; एक बोट म्हणजे एक चहा. पांढऱ्या दाढीच्या त्या माणसाने खांद्यावरच्या फडक्याने कपाचं बूड पुसलं आणि एक चहा खिडकीतून दिला. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. मग रोज तेच.

महिन्याभराने मी हिंदीत सगळा खुलासा केला. माझं हिंदी ऐकून तो मराठीतच हसला, "अहो बाई, रत्नागिरीचा मी! आधी नाय का सांगायचं?" मग म्हणाला, "चहा नको असला तरी बोट उचलत जा. बाकी सगळे मला दिवसभर हॉर्नच वाजवतात."

त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. रोज सकाळी मी बोट उचलते. तो चहा आणत नाही, फडक्यासकट हात वर करतो.